बोली

मी तोलार. मार्केट यार्डात एकतीस हंगाम.
गुळाचा रवा ठेवला की
काटा थांबायच्या आधी आकडा सांगतो,
फरक पडला तर छटाकाचा.
गाण्यातलं मला काही कळत नाही.

म्हणून तौसिफ शिकलगार पळत आला,
"काका, आपलं गाणं हॉलंडच्या चार्टला अडतिसावं लागलंय,"
तेव्हा मी विचारलं, अडतीस म्हणजे काय भाव,
किलोचा का क्विंटलचा?

उद्यमनगरात त्याच्या बापाचं वर्कशॉप.
पोरानं तिथल्या प्रेसचा ठोका उचलला,
मिनिटाला एकशे चोवीस.
प्रेस एवढी पळत नाही, त्यानं ती पळवली.
खाली तो ठोका, एकसारखा,
शेजारच्या घरात कुणी दार वाजवत राहावं तसा,
आणि वर आदगोंडा मगदूमचा आवाज:
बोला… बोला… बोला बोला…

चार सेकंद.
नऊ वर्षांमागच्या पाडव्याचे, मुहूर्ताच्या सौद्यातले.
पोरगं तेव्हा दहावीत,
बापाबरोबर काटा दुरुस्तीला आलेलं,
खिशात मोबाईल चालू.

'पस्तीसशे' म्हणताना आदगोंडा 'प'वर असा थांबायचा
की व्यापाऱ्याचा हात आपसूक वर जायचा.
मग घशात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन.
आता गळ्याला पांढरा रुमाल,
त्याखालनं येते ती नुसती हवा.

तर गाणं अडतीसवरनं एकवीसवर आलं.
आदगोंडानं कपाळाला हात लावला,
खुणेनं विचारलं: पडलं?
त्याच्या जन्मात आकडा खाली आला म्हणजे
गूळ काळा निघालाय, नाहीतर साखर घातलीय.
"अप्पा, हितं उतरलं की चढलं."
एकवीस. बारा. सात.
असला उलटा बाजार आम्ही बघितला नव्हता.
पुढच्या शुक्रवारी दोन.
एकावर कोण होतं ते पोरानं सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.

चहाच्या गाड्यावर त्यानं व्हिडिओ दाखवला:
रॉटरडॅमचं कुठलंसं गोडाऊन, निळा उजेड,
पाच हजार माणसं, सगळ्यांचे हात वर,
आणि सगळी ओरडताहेत, बोला, बोला.
आदगोंडा वाकून बघत राहिला
डावीकडनं उजवीकडं, सवयीनं,
पहिला हात कुणाचा, दुसरा कुणाचा.
एवढे हात वर,
आणि भाव कुणीच सांगेना.

मग पैशाचं निघालं.
पोरगं सरळ. म्हणालं, "आवाज अप्पांचा.
काका, तोलार तुम्ही, तुम्हीच वजन करा."
चार सेकंदांचं?
काट्यापुढं गप्प बसायची माझी ती पहिली वेळ.

"दहा हजार," तौसिफ म्हणाला.
आदगोंडानं चमचा उचलला, बशीवर मारला. टक.
"पंधरा."
टक.
"वीस. बरं अप्पा, बावीस."
टक. टक.
गाडेवाल्यानं स्टोव्ह बारीक केला.
एक हमाल डोकीवरचा रवा घेऊन तसाच उभा.
चमचा काही चुकत नव्हता,
प्रेसला ठोका ह्यानंच शिकवला असंल.
"निम्मं," तौसिफ शेवटी म्हणाला,
"येईल त्याच्या निम्मं."
चमचा हवेत राहिला,
'प'वर राहायचा तसा.
मग टक. टक. टक.

अकरा आठवड्यांनी गाणं यादीतनं गेलं.
तवर गुऱ्हाळंही विझत आली होती.
आदगोंडानं नातीला सायकल घेतली
आणि गाडेवाल्याला नवी बशी,
जुनीला तडा गेला होता.

मी वहीत लिहून ठेवलंय, लाल शाईनं,
शेवटच्या आवकेच्या खाली:
आदगोंडा मगदूम, आवाज, नग एक.
वजनाच्या रकान्यात पेन्सिलीनं एक आकडा टाकला होता.
खोडला. परत टाकला.
आता नीट वाचता येत नाही.